समुद्र कसा बुडवावा: नगरकर नवशिक्यांसाठी दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका

अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात पहिला. सतरा हजार चौरस किलोमीटरमध्ये ऊस आहे, डाळिंब आहे, साईबाबा आहेत, शनिदेव आहेत, भंडारदरा आणि मुळा ही धरणं आहेत. नाही तो फक्त समुद्र. ही उणीव हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार फुटी काचेच्या टाकीत भरून काढायचा निश्चय ज्यांनी केला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. तुमच्यासाठी तो घाटाखाली, साडेसहाशे मीटर उतरून गेल्यावर आहे. त्यामुळे तो बनवण्याचं आणि बुडवण्याचं अशी दोन्ही कामं तुमच्यावरच आहेत. घाबरू नका. खालच्या पायऱ्या मनापासून पाळल्या तर पंधरा दिवसांत टाकी रिकामी होते. अंगात जास्तच उत्साह असेल तर चार दिवसही पुरतात.

साहित्य: टाकी (दगड-वाळू वजा जाता दोनशे लिटर पाणी मावेल अशी), पंप, दिवे, एक दुकानदार, दोन अनुभवी शेजारी आणि घाई. तपासणीचे किट, क्षारता मोजायचं उपकरण आणि वही आणू नये. उगीच खर्च वाढतो.

पायरी १. मीठ स्वयंपाकघरातून घ्या

समुद्र खारट, मीठही खारट, मग वेगळं सागरी मीठ कशाला विकत घ्यायचं? हा युक्तिवाद पंचाऐंशी टक्के बरोबर आहे. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण तेवढेच असतात. उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी मंडळी येतात. शंख-शिंपल्यांचं कवच त्यांच्यावर बांधलं जातं आणि पाण्याचा पीएचही त्यांच्यावरच टिकतो. पण एवढ्या किरकोळ गोष्टीसाठी दुकानात कोण जाणार?

सागरी मीठ आणलंच असेल तर लिटरला पस्तीस ग्रॅमचा हिशोब असतो, म्हणजे तुमच्या टाकीला सात किलोच्या आसपास. काही लोक ते वेगळ्या ड्रममध्ये, पंप लावून, रात्रभर ढवळतात आणि घनता १.०२५ आली की मगच टाकीत ओततात. तुम्ही मूठ भरून थेट माशांच्या डोक्यावर टाका.

पायरी २. नळ आला की भरून घ्या

नळ रोज येतोच असं नाही, तेव्हा आला की पाइप थेट टाकीत सोडा. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं आणि ते आपलं काम इमानदारीने करतं: टाकीतले चांगले जंतूही मारतं, माशांचे कल्लेही भाजतं. बोअरचं पाणी घेतलंत तर क्लोरीन चुकेल, पण उसाच्या पट्ट्यात खताचं नायट्रेट आणि जमिनीतले क्षार फुकट मिळतील.

एखादा शहाणा म्हणेल, आरओचं पाणी वापरा. जरूर वापरा, फक्त मशीनच्या आत बघू नका. घरगुती आरओमध्ये बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर असतो. चव लागावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं परत मिसळतो. माणसाला ते गोड लागतं. टाकीला मात्र टीडीएस शून्याजवळचं पाणी लागतं, नाहीतर नळातलं सिलिका आत येतं आणि दोन आठवड्यांत काचेवर तपकिरी थर चढतो. तो चढला की पायरी १० वर उडी मारा.

पायरी ३. पाणी भरलं त्याच संध्याकाळी मासे आणा

ही मार्गदर्शिकेतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. बाकीच्या नऊ विसरलात तरी चालेल, हिच्या एकटीच्या जोरावर काम तडीस जातं.

मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. जुन्या टाकीत दगडांच्या भोकांत, वाळूत, स्पंजात एका जातीचे जिवाणू राहतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते मासे बऱ्यापैकी सहन करतात. नव्या टाकीत या दोन्हींची वस्ती नसते. ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा काळ जाणकार लोक रिकाम्या टाकीत थोडं अमोनियम क्लोराइड टाकून, पाण्याशी गप्पा मारत बसतात. घरचे विचारतात, "अहो, मासे कुठायत?" नेमकी इथेच माणसं मोडतात. तुम्ही तर पहिल्याच दिवशी मोडा.

"आमच्याकडे गप्पी होते, ते पहिल्या दिवसापासून जगले," असं शेजारचे काका सांगतील. खरं आहे. पीएच सातच्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्राच्या ८.२ पीएचला तोच वाटा सात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत दहा-बारा पट विष. काकांचा अनुभव अस्सल आहे, फक्त तो दुसऱ्या पाण्यातला आहे.

पायरी ४. काहीही मोजू नका

पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतंय ना? मग झालं. अमोनियाला रंग नाही, खारटपणाला रंग नाही, तेव्हा किटमधल्या बाटल्या हलवत बसण्यात अर्थ नाही.

या बाबतीत नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा आदर्श मुळीच ठेवू नका. ते गाव पाऊस मोजतं, विहिरींची पातळी मोजतं, गावात एकूण पाणी किती आहे त्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याचं पीक नाही. उसाला आणि केळीला तिथे मुळात बंदीच आहे. ज्या जिल्ह्यात असं गाव आहे, त्या जिल्ह्यात माणसाने टाकीत काय आहे ते न बघता सात मासे पेरावेत, यालाच स्वतंत्र बाणा म्हणतात.

पायरी ५. खरेदी सिनेमावरून करा

२००३ मध्ये एका सिनेमाने जगभरच्या मुलांना नारिंगी क्लाउनफिश आणि निळी टँग ओळखायला शिकवलं. टाकीची लांबी मात्र त्याने शिकवली नाही, त्यामुळे निळी टँग आणायला हरकत नाही. ती मोठी होते, दिवसभर पोहते, चार फुटांत गुदमरते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सगळ्यांत आधी तीच पकडते.

क्लाउनफिशसोबत समुद्रफूल घ्याच, असं दुकानदार सांगेल. त्याचं मन मोडू नका. क्लाउनफिश त्याच्याशिवाय आनंदाने जगतो, पण समुद्रफूल नव्या टाकीत क्वचितच टिकतं. ते मेलं की सडतं, किंवा फिरत फिरत पंपात अडकतं आणि जाताना पाणीही नासवून जातं. मँडरिन मासा दिसायला पैठणीच्या पदरासारखा असतो. त्याला सतत बारीक जिवंत जीव खायला लागतात आणि ते नव्या टाकीत नसतात. तोही घ्या. तारामासा घ्या, तो काही महिने घेऊन सावकाश उपाशी मरतो, तेव्हा दोष तुमच्यावर येत नाही.

प्रवाळाच्या बाबतीत एक अडचण आहे, आणि ती गंमत नाही. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. 'चालतं हो, सगळेच ठेवतात' हे वाक्य त्या कायद्यात कुठेही नाही. दगडी प्रवाळ बघायचं असेल तर मालवणच्या सागरी अभयारण्यात ते १९८७ पासून जागच्या जागी, कुणाच्या टीव्हीशेजारी न येता संरक्षित आहे. टाकीत कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड चालतो, जिवाणूंना त्याचं काही वावडं नाही.

पायरी ६. पिशवी उघडा आणि दोन तास वाट बघा

मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यातून पिशवी आली. हातात घेतल्यावर मासा हळू श्वास घेतोय. आता पिशवी उघडा आणि टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडत दोन तास बसा. हा सल्ला इतका चांगला वाटतो की त्यात मरण असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली येतो. सात-आठ तासांत जमलेला अमोनिया त्या कमी पीएचला बराचसा निरुपद्रवी रूपात पडून राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तुम्ही शेजारी बसून थेंब मोजत असता.

शहाणे लोक वेगळं करतात. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवतात, म्हणजे तापमान जुळतं. दुकानात माशाला किती घनतेत ठेवलंय ते आधीच फोन करून विचारतात, कारण पुष्कळ ठिकाणी ती १.०१८-१.०२० एवढी कमी असते. वेगळ्या टाकीत तेवढीच घनता तयार ठेवतात, जाळीने मासा उचलून लगेच सोडतात आणि पिशवीतलं पाणी फेकून देतात. तिथे तीन-चार आठवडे निरीक्षण, आणि हळूहळू घनता वाढवत मुख्य टाकीत प्रवेश. कोळंबी आणि गोगलगायीला मात्र खारटपणातला बदल खरोखरच सावकाश द्यावा लागतो. एवढी कटकट करण्यापेक्षा सगळं एकदम ओता.

पायरी ७. आल्यागेल्याकडून खाऊ घाला

आत्या आल्या, त्यांनी टाकीकडे बघितलं, "अगं बाई, उपाशी दिसतायत." लग्नसराईत घरी पाहुणे भरपूर असतात आणि प्रत्येकाच्या हातात चिमूटभर शेव असते. मासे खातात कारण ते मासे आहेत. उरलेलं वाळूत जाऊन सडतं आणि पायरी ३ मधलं काम पुढे नेतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घालणारे लोक पाहुण्यांना आवडत नाहीत.

पायरी ८. उन्हाळा टाकीवर सोडा

मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो. टाकीला पंचवीस-सव्वीस अंश हवे असतात. समुद्राच्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन जवळपास पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. त्यात दुपारी लाइट गेली, पंप थांबला, पृष्ठभाग हलायचा बंद झाला, की काम काही तासांचं. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप विकत मिळतो, म्हणून तो घेऊ नका. इन्व्हर्टर टीव्हीसाठी ठेवा.

इथे नगरच्या बाजूने एक मुद्दा आहे. आपली हवा कोरडी आहे. टाकीवर साधा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होतं, आणि हे दमट मुंबईपेक्षा इथे जास्त छान जमतं. पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. उडालेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच घालावी लागते. तुम्ही ती खाऱ्या पाण्याने घाला. दोनशे लिटरमधून वीस लिटर उडालं आणि तुम्ही वीस लिटर खारं ओतलंत, की खारटपणा ३५ वरून ३८.५ होतो. दुसऱ्या वेळी ४२, तिसऱ्या वेळी ४५.५. पातळी दर वेळी काठोकाठ, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. गोगलगायींना सगळ्यांत आधी कळतं.

थंडीत उलट करा: रात्री पारा दहाखाली उतरला की हीटर बंद ठेवा. वीजबिल वाचेल.

पायरी ९. औषध आधी, निदान नंतर

माशावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की आनंद माना, आता औषध टाकता येईल. या आजारावर तांब्याची औषधं असतात. द्राक्ष-डाळिंबवाल्या नगरकराला तांब्याची ताकद सांगायला नको; बोर्डो मिश्रणातलं मोरचूद बुरशीचं काय करतं ते तो बघत आलाय. माशाला झेपेल आणि परजीवी मरेल अशी तांब्याची मात्रा फार अरुंद असते. ती रोज मोजून, वेगळ्या टाकीत द्यावी लागते, कारण कोळंबी, खेकडे, गोगलगायी तांब्याने मरतात. शिवाय तांबं दगडात आणि वाळूत शिरून बसतं. तुम्ही अंदाजाने झाकणभर मुख्य टाकीत घाला. बागेत फवारणी करून आल्यावर हात न धुता टाकीत घातलेत तर औषधाचे पैसेही वाचतील.

आणखी एक सोय. चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून उतरून वाळूत जातो, तिथे वाढतो आणि मोठ्या संख्येने परत येतो. त्याची साखळी तोडायला मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. एवढा वेळ कोणाला आहे?

पायरी १०. रविवारी सगळं घासून काढा

दगड काढा, ब्रशने घासा. स्पंज नळाखाली पिळून काढा. वाळू धुऊन वाळत घाला. पायरी ३ मधले जे जिवाणू एवढ्या उन्हातान्हात वस्ती करून बसले होते, ते सगळे एका दुपारी गटारात जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. तो तपकिरी थर खरं तर नव्या टाकीत येतोच. सिलिका संपलं की बराचसा आपणच जातो, तोवर काचेवरचा तेवढा पुसला की पुरतं. स्पंज धुवायचा असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळतात. पण पिळताना पाणी काळं निघतं आणि समाधान मिळत नाही.

घासून दमलात की संध्याकाळी डासांची कॉइल लावा. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डास मारणारी बरीचशी द्रव्यं पायरेथ्रॉइड वर्गातली असतात, आणि मासे व कोळंबीला ती फार विषारी. गल्लीत धुराची फवारणी आली तर खिडकी उघडी ठेवा.

मासा मेल्यावर

आता निदान. प्रत्येक घरात दोन निदानं होतात: एक माणसांचं, एक पाण्याचं. दोन्ही देत आहे.

सकाळी उठून बघितलं तर सगळेच गेले. घरचं निदान: दृष्ट लागली. पाण्याचं: ऑक्सिजन किंवा विष. रात्री लाइट गेली होती का, संध्याकाळी कॉइल, स्प्रे, फिनाइल काही झालं का, ते आठवा.

काल आणलेला एकटाच गेला. घरचं: दुकानदाराने फसवलं. पाण्याचं: खारटपणाची तफावत, पिशवीतला अमोनिया. दुकानदारही असू शकतो, पण आधी मोजा.

दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक जातोय. घरचं: साडेसाती, शिंगणापूरला जाऊन या. पाण्याचं: अमोनिया किंवा आजार. अंगावर सोनेरी धूळ पसरल्यासारखं दिसत असेल आणि मासा धापा टाकत असेल, तर प्रकरण ठिपक्यांपेक्षा गंभीर आहे. तासांचा प्रश्न असतो. शिंगणापूर उद्या.

मासे मजेत, कोळंबी आणि गोगलगायी मेल्या. घरचं: त्या मरायच्याच असतात. पाण्याचं: तांबं, कीटकनाशक किंवा खारटपणाचा झटका.

मासा गायबच आहे. घरचं: मोठ्याने खाल्ला. शोधाचं ठिकाण: टीव्हीच्या कपाटामागे. वर बारीक जाळी लावलेली नव्हती.

आणि सगळ्यांवर लागू पडणारं एक निदान: 'घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं.' हे फार सोयीचं आहे, कारण यात तुम्ही आरोपी ठरत नाही, ऋणी ठरता. मात्र एका उन्हाळ्यात टाकीतल्या नऊ जणांनी नऊ संकटं अंगावर घेतली असतील, तर घरावर एवढी संकटं येतायत कुठून, याची चौकशी करावी. बहुतेक ती दुकानातून पिशवीत येतात.

ज्यांना ही साखळी तोडायची दुर्बुद्धी झाली असेल त्यांनी क्रम असा ठेवावा. मेलेला जीव लगेच काढा. अमोनिया, खारटपणा, तापमान मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. तेवढ्याच तापमानाच्या आणि घनतेच्या तयार पाण्याने चौथा हिस्सा बदला, सगळं पाणी नव्हे. हवा वाढवा. विषाचा संशय असेल तर सक्रिय कोळसा लावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन काही दिवस तिथेच थांबेपर्यंत एकही नवा जीव आणू नका, दुकानदाराने जोडीवर एक फुकट दिला तरी.

हमीपत्र

दहाही पायऱ्या पाळूनसुद्धा तुमचे मासे जगले, अंगाने भरले, आणि क्लाउनफिशच्या जोडीतला थोरला मासा मादी होऊन अंडी घालायला लागला (ते सगळे नरच जन्मतात आणि वरचढ ठरेल तो मादी होतो), तर तक्रार घेऊन येऊ नये. अशा वेळी पायऱ्या पुन्हा तपासाव्यात. कुठेतरी तुम्ही महिनाभर थांबला आहात, कुठेतरी मोजून लिहिलं आहे. या दोन गैरप्रकारांनंतर मासे जगले तर त्याची जबाबदारी ही मार्गदर्शिका घेत नाही.